कप्पा कोण उघडणार?

कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांत बटण दाबले की संडासाचा विचार संपतो. मग इथलेच एखादे कुटुंब गगनबावड्याकडे शेतघर बांधायला घेते. तिथे ड्रेनेज नाही, मे महिन्यात पाण्याची ओढाताण, आणि पावसाळ्यात खड्डा खणावा तर तोच पाण्याने भरतो. मैला जाणार कुठे, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा खरा होतो. 

त्याचे खत करणे ही एक वाट, आणि ती आपल्याला परकी नाही. मैल्याच्या खताला मराठीत ‘सोनखत’ म्हणतात. अप्पासाहेब पटवर्धनांनी (१८९४–१९७१) कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून खत देणारा ‘गोपुरी संडास’ रुजवला. त्यांना खत हवे होतेच. पण त्याआधी हवी होती भंगीमुक्ती: माणसाचा मैला माणसाने हाताळण्यातून सुटका. म्हणून अशा संडासाची कोणतीही रचना निवडताना माझा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. मैला साठणारा कप्पा कोण उघडणार, आणि केव्हा? मैला पुरता कुजण्याआधी तो माणसाला हाताळावा लागेल असा संडास हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानेही अस्वच्छच ठरतो.

उत्तर म्हणजे जमिनीच्या वर बांधलेले दोन कप्पे. एक वापरात, दुसरा बंद. जंतांची अंडी फार चिवट असतात. आपल्या हवेत बंद कप्प्याला वर्षाहून अधिक काळ द्यायला हवा. मी दोन पावसाळे धरतो.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि इथे परदेशी नमुने फसवतात. १९३९ साली स्वीडनमध्ये रिकार्ड लिंडस्ट्रॉमने घडवलेली कंपोस्ट टाकी कागद वापरणाऱ्या घरांत वाढली. आपण धुणारी माणसे. ते पाणी कप्प्यात गेले की हवा कोंडते, कुजण्याचे सडणे होते आणि वास सुटतो. म्हणून धुण्याचे पाणी वेगळ्या वाटेने कर्दळीच्या वाफ्यात सोडावे. लघवीही वेगळी काढून, पाणी मिसळून झाडांना घालावी.

कप्प्यातल्या मैल्यावर टाकायला काय? गुऱ्हाळावरचे चिपाड बारीक करून, याहून सोयीचे आपल्या जिल्ह्यात काही नाही. मैल्यात नत्र भरपूर, कर्ब कमी. चिपाडाने ती तूट भरते आणि ढीग मोकळा राहतो. राख बेताने. जास्त झाली की मैला वाळतो, कुजत नाही.

पहिल्यांदा कप्पा उघडला तेव्हा मी घमेले घेऊन बराच वेळ नुसता उभा होतो. आत काळसर, भुसभुशीत माती, आणि तीत ओळखू येणारी एकच वस्तू: चिपाडाचे तंतू. ते सगळ्यांत उशिरा कुजतात. ते खत मी नारळाच्या आळ्यात घातले. भाजीच्या वाफ्यात मी ते घालत नाही.

कप्पा बंद कराल त्या दिवशीची तारीख झाकणावर ऑइलपेंटने लिहा. खडूची पहिल्याच वळवात धुऊन जाते.