उत्तर आयर्लंडमधील संघर्ष व शांतताप्रक्रियेविषयीचे माहितीपट

१९२१ साली आयर्लंडची फाळणी होऊन ईशान्येकडील सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणारे, मुख्यतः प्रॉटेस्टंट असे संघवादी आणि अखंड आयर्लंडची आकांक्षा बाळगणारे, मुख्यतः कॅथलिक असे राष्ट्रवादी यांच्यातील तेढ १९६० च्या दशकाच्या अखेरीस चिघळली आणि १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ करारापर्यंत साडेतीन हजारांहून अधिक माणसांचा बळी गेला. या काळावरील माहितीपटांना चित्रणापेक्षाही प्रक्षेपणाच्या परवानगीसाठी अधिक झगडावे लागले.

मार्सेल ओफ्युल्स यांचा ‘अ सेन्स ऑफ लॉस’ (१९७२) दाखवण्यास बीबीसीने नकार दिला. १९८५ मध्ये ‘ॲट द एज ऑफ द युनियन’ या माहितीपटात डेरी शहरातील दोन कट्टर विरोधक, शिन फेन पक्षाचे मार्टिन मॅकगिनेस आणि संघवादी ग्रेगरी कॅम्बेल, यांचे घरगुती व राजकीय जीवन शेजारीशेजारी मांडले होते. गृहमंत्र्यांनी आक्षेप घेताच बीबीसीच्या नियामक मंडळाने हा माहितीपट मागे घेतला, त्याविरुद्ध पत्रकारांनी एक दिवसाचा संप केला आणि किरकोळ बदलांनंतर तो त्याच वर्षी प्रक्षेपित झाला. ऑक्टोबर १९८८ मध्ये तर शिन फेन व सशस्त्र संघटनांच्या प्रतिनिधींचा प्रत्यक्ष आवाज ऐकवण्यावरच सरकारने बंदी घातली. त्यामुळे १९९४ पर्यंत पडद्यावर बोलणारा चेहरा त्या व्यक्तीचा आणि आवाज मात्र नटाचा, अशी लोकशाहीला न शोभणारी पद्धत रूढ झाली. ॲन क्रिली यांचा ‘मदर आयर्लंड’ (१९८८) स्त्री आणि राष्ट्रप्रतिमा यांचा संबंध तपासणारा महत्त्वाचा माहितीपट होय. परंतु त्यात जिब्राल्टरमध्ये ब्रिटिश सैनिकांनी ठार केलेल्या, आयआरए या सशस्त्र संघटनेच्या सदस्य मॅरेड फॅरेल यांची मुलाखत असल्याने तो १९९१ मध्ये, तोही काटछाट करून, ब्रिटिश दूरचित्रवाणीवर आला.

शांतताप्रक्रियेवरील माहितीपटांत मॉरिस फिट्झपॅट्रिक यांचा ‘इन द नेम ऑफ पीस: जॉन ह्यूम इन अमेरिका’ (२०१७) उल्लेखनीय आहे. अहिंसेवर ठाम राहून अमेरिकी नेत्यांचे पाठबळ मिळवणारे राष्ट्रवादी नेते ह्यूम यांची चिकाटी त्यात ठसठशीतपणे उमटते, तरी शांततेची कथा नेत्यांच्या वाटाघाटींपुरती सांगणे अपुरेच ठरते. ती उणीव कॅहल मॅकलॉक्लिन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कारागृह-स्मृतिसंग्रहाने बऱ्याच अंशी भरून काढली आहे. बंद पडलेल्या आर्मा आणि मेझ या तुरुंगांत माजी कैदी, रक्षक, शिक्षक व नातेवाईक यांनी फिरत फिरत सांगितलेल्या आठवणी त्यात चित्रित असून, त्या चित्रणाची सहमालकी सांगणाऱ्याकडे राहते आणि कोणता भाग जाहीर होऊ नये हे ठरवण्याचा हक्कही त्याचाच असतो.