तारीख सांभाळून लावा

काळात मागे जाताना तारीख नीट लावा: सप्टेंबर २०१५, सिडनी. काटा चुकून २००९वर गेला तर त्वचेतून फुप्फुसात उतरलेल्या मेलानोमा या कर्करोगासाठी डॉक्टर डकारबाझिनची सलाईन लावतील. सत्तरच्या दशकातलं औषध, बहुतेकांना लागू न पडणारं. चौथ्या स्टेजच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना तेव्हा वर्षसुद्धा काढता येत नव्हतं. तिथे थांबू नका.

२०१५मध्ये तुम्ही बत्तीस वर्षांची बाई आहात. गोऱ्यापान, लाल केसांच्या. लहानपणी दर उन्हाळ्यात समुद्रावर भाजून पाठीची सालं निघालेल्या. गरोदरपणात पाठीवरचा एक तीळ बदलला, पण पाठ कोण बघतं? आता काखेत गाठ आहे, फुप्फुसांत ठिपके आहेत आणि घरात चार महिन्यांची लेक.

आज पेट स्कॅन झाला. शिरेतून किरणोत्सारी साखर टोचतात. जिथल्या पेशी खादाड, तिथे चित्र उजळतं. निघताना नर्सने बजावलं, संध्याकाळपर्यंत बाळाला जवळ घ्यायचं नाही. घरी सासूबाई तिला घेऊन खोलीच्या पार त्या टोकाला उभ्या. ती रडायला लागते आणि इकडे तुम्हाला पान्हा फुटतो, टी-शर्ट ओला होतो. दूध पिळून मोरीत ओतायचं. औषध सुरू होणार म्हणून ते कायमचंच तोडायचं आहे.

दाराबाहेर एस्की ठेवलीय. एस्की म्हणजे सहलीला बिअर गार ठेवायची पेटी. शेजारणींनी पाळ्या लावून घेतल्यात. रोज कोणीतरी त्यात जेवण ठेवतं आणि बेल न वाजवता निघून जातं. हे बेल न वाजवणं मला जेवणापेक्षा मोठं वाटतं. आपल्याकडे समाचाराला आलेल्यांची विचारपूस करण्यातच आजारी माणूस दमतं.

याच महिन्याच्या १ तारखेला पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध सरकारी अनुदानाच्या यादीत आलं. एरवी वर्षाला दीड लाख डॉलरच्या वर खर्च. आता एका चिठ्ठीला ३७.७० डॉलर. दर तीन आठवड्यांनी अर्धा तास सलाईन. हे औषध स्वतः गाठ मारत नाही. कर्करोगाने शरीराच्या राखणदार टी-पेशींचा ब्रेक दाबून धरलेला असतो, तो ते सोडवतं. पुढची लढाई शरीराची. मोकाट सुटलेल्या पेशी मग आतड्यांवरही उठतात. जुलाब, त्यावर स्टेरॉइड, स्टेरॉइडने झोप गायब. पहाटे तीनला नणंद बाळाला बाटली पाजतेय आणि तुम्ही ओटा घासत सुटलाय. ती काही बोलत नाही, दुसरी घासणी पुढे करते.

बाराव्या आठवड्यात ठिपके लहान दिसतात.

आता काटा २०२४वर आणा. मेलानोमाचे दोन डॉक्टर, जॉर्जिना लाँग आणि रिचर्ड स्कॉलियर, या वर्षी ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ आहेत. याच वर्षी एका मोठ्या चाचणीचे दहा वर्षांचे आकडे आले: पेम्ब्रोलिझुमॅब घेतलेल्या शंभरांतले ३४ जण हयात. शेजारच्या खुर्चीत सलाईन लावून बसणारी, मुलांच्या दातांबद्दल बोलणारी ती बाई त्या ३४ जणांत नाही. औषध तेच होतं, वारही तोच.

तुमची लेक आता शाळेत जाते. शाळेचा नियम कडक: टोपी नाही तर खेळ नाही. बाईसाहेबांना टोपी बावळट दिसते, म्हणून ती दप्तरात कोंबून पळतात, आणि सगळी गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात तुम्ही मागून ओरडत असता.