रात्री दोनचं पाणी

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारून त्यांच्या बाथरूमचं छत दाखवलं. ताटाएवढा ओलीचा डाग पडला होता. "तुझ्याकडूनच येतंय बघ," एवढंच म्हणाल्या. माझा शॉवर बरेच दिवस ठिबकत होता, म्हणून मी वायसर आणून बदलला. ठिबक थांबली, डाग मात्र वाढतच राहिला. मग प्लंबर आला. भिंतीवर दोनदा ठोकून म्हणाला, "सगळ्या टाइल्स काढाव्या लागतील." घरमालक फोनवर म्हणाले, खर्च अर्धा-अर्धा.

फोडाफोडी करण्याआधी मी गळती शोधायच्या पद्धती वाचायला बसलो आणि पोचलो थेट एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये.

तेव्हा तिथल्या शहरांतही पाणी आपल्यासारखंच ठरावीक वेळेला यायचं. आलं की लोक टाक्या आणि पिंपं भरून ठेवायचे. थॉमस हॉक्सली नावाच्या इंजिनिअरनं नॉटिंगहॅममध्ये १८३१ साली चोवीस तास दाबानं पाणी देणारी योजना उभी केली. इतर शहरांच्या पाणी कंपन्यांना मात्र एकच भीती होती. नळात सतत पाणी ठेवलं, तर ते सतत गळणार.

भीती खोटी नव्हती. त्या काळच्या तोटीत पितळेचा एक शंकू फिरायचा. भोक समोर आलं की पाणी सुरू, वळवलं की बंद. धातूवर धातू घासून झिजायचा आणि फट पडायची. १८४५ मध्ये रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्यानं आट्यांवर फिरणाऱ्या तोटीचं पेटंट घेतलं. आपण फिरवतो तो जुना नळ तोच: चावी फिरवली की दांडा खाली जातो आणि टोकाची मऊ चकती पाण्याच्या तोंडावर दाबून बसते. झिजायची ती चकती झिजते, नळ वाचतो. आपला वायसर म्हणजे हीच चकती.

पण चांगला नळ आला म्हणून गळती कुठे आहे हे कळत नाही. माझंही तेच झालं होतं.

लिव्हरपूलचंही. रिव्हिंग्टनच्या तलावांचं पाणी असूनही शहराला ते पुरेना. पुरवठा पुन्हा ठरावीक तासांवर आला. नवा तलाव बांधा, हे सोपं उत्तर होतं. शहराचे इंजिनिअर जॉर्ज डीकन यांनी आधी वेगळाच प्रश्न विचारला: आहे ते पाणी जातंय कुठे?

१८७३ मध्ये त्यांनी एक मीटर बनवला. निमुळत्या नळीत तारेला टांगलेली एक तबकडी. पाणी जितकं जोरात वाहील तितकी ती खाली जायची आणि तारेला जोडलेली पेन्सिल घड्याळावर फिरणाऱ्या कागदावर रेघ काढायची. शहराचे छोटे भाग पाडून प्रत्येक भागाच्या तोंडाशी असा मीटर लावला.

खरं काम चालायचं रात्री. रात्री दोन वाजता कोण आंघोळ करतं? तरीही रेघ शून्यावर येत नसेल, तर ते पाणी वायाच जातंय. मग निरीक्षक रस्त्यानं निघायचे. घराबाहेरच्या कॉकवर लांब चावी लावायची, दुसरं टोक कानाला. आत सूं आवाज आला, की कॉक बंद करायचा आणि वेळ टिपून ठेवायची. सकाळी कागद पाहिला की त्याच वेळी रेघ किती खाली आली ते दिसायचं. कोणाच्याही घरात न शिरता गळकं घर सापडायचं. लिव्हरपूलला पुन्हा चोवीस तास पाणी मिळालं. डीकन यांनी पुढे वेल्समध्ये व्हर्नवीचं मोठं धरणही बांधलं, पण गळती शोधल्यानंतर. रात्रीचा किमान प्रवाह मोजायची ही पद्धत जगभर आजही वापरतात.

आपल्याकडे ती अवघड जाते, कारण बहुतेक शहरांत पाणी काही तासच येतं. उरलेला वेळ पाइपमध्ये दाब नसतो, मग गळतीचा आवाज कुठून येणार? उलट रिकाम्या पाइपात त्याच फटींतून बाहेरची घाण आत शिरते. कराडजवळच्या मलकापूरनं घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. ते वाचल्यावर पाणीकपातीच्या बातम्या मी वेगळ्या नजरेनं बघू लागलो.

घरात मात्र गच्चीवरच्या टाकीमुळे चोवीस तास दाब असतो. म्हणजे डीकन यांची युक्ती इथं चालायला हवी. काकूंच्या परवानगीनं स्टुलावर चढून डागाभोवती पेन्सिलनं रेघ मारली, बाजूला तारीख लिहिली. चार दिवस शॉवर बंद, बादलीनं आंघोळ.

डाग रेघेबाहेर गेला नाही.

बादलीनं आंघोळ केली तरी फरशी भिजते, जाळीतून पाणी जातंच. म्हणजे फरशी आणि जाळी सुटली. नळापर्यंतच्या पाइपात दाब दिवसरात्र असतो, तो गळत असता तर डाग वाढला असता. म्हणजे तोही सुटला. उरला फक्त शॉवर सुरू केल्यावरच पाणी चढतं तो वरचा तुकडा. पाचव्या-सहाव्या दिवशी शॉवर वापरला. डाग बोटभर रेघेबाहेर.

भिंतीतून बाहेर येणारी शॉवरची दांडी पान्यानं फिरवून काढली. आट्यांवरची जुनी टेप कुजून चिंध्या झाली होती. पाणी तिथून भिंतीच्या आत उतरत होतं. पूर्वी प्लंबर अशा जोडाला सूत आणि सफेदा लावायचे, आता टेफ्लॉनची टेप असते. आट्यांच्या दिशेनं तिचे वेढे दिले, दांडी घट्ट बसवली. एकही टाइल फुटली नाही.

पुढचे दोन आठवडे मी रोज शॉवरनं आंघोळ केली आणि काकूंकडे जाऊन डाग बघून आलो. तो कडेकडेनं वाळत गेला. आता छताला रंग द्यायचाय, तो माझ्या खर्चानं. काकू म्हणाल्या, "दे रंग. पण पुढच्या वेळी ठिबकायला लागलं की लगेच सांग, डाग पडायची वाट बघू नको."