मोटारीच्या पंख्याचे स्थित्यंतर : यांत्रिक ते विद्युत्

मोटारीच्या इंजिनास थंड ठेवणारा पंखा पूर्वी इंजिनाच्याच बळावर फिरत असे. पुढे तो विजेच्या लहानशा मोटरवर फिरू लागला. ह्या बदलाचे कारण इंधनाची बचत हे होय, असे सामान्यतः सांगितले जाते. बचत होते हे खरे. परंतु कालक्रम तपासला असता हे कारण मागाहून बळावलेले दिसते. बदलाची गरज प्रथम निर्माण झाली ती इंजिनाच्या मांडणीतून, आणि तो शक्य झाला वीजनिर्मितीच्या सुधारलेल्या साधनामुळे. महाराष्ट्रातील मोटार-उद्योगाचा इतिहास ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

जुन्या रचनेचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी फियाट ११००. हीच गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ ह्या नावाने ओळखली गेली. तिचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसविलेले असे. त्यामुळे क्रँकशाफ्टचे पुढचे टोक रेडिएटरसमोर येई, आणि त्यावरील पुलीपासून एक पट्टा पाण्याच्या पंपाकडे व डायनॅमोकडे नेणे सोयीचे होई. पंखा पंपाच्याच दांड्यावर बसविलेला असे. पाणी खेळविणे, हवा ओढणे आणि वीज निर्माण करणे ही तिन्ही कामे अशा रीतीने एकाच पट्ट्यावर अवलंबून होती. पट्टा तुटला की तिन्ही एकदम थांबत.

ह्या रचनेत एक मूलभूत विसंगती आहे. गाडी वेगाने धावत असता समोरून येणारा वारा रेडिएटरला बहुधा पुरेसा होतो. नेमक्या त्याच वेळी इंजिनाबरोबर पंखाही जोराने फिरतो. पंख्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे तिप्पट झाले की शक्ती सत्तावीसपट लागते, आणि ती बव्हंशी वाया जाते. उलट, गाडी अगदी सावकाश चालत असता वारा नसतो आणि इंजिनाचे फेरेही कमी असल्यामुळे पंखा मंद असतो. गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगड महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध आहे. अशा यात्रेच्या वाटेवर गर्दीतून पावलापावलाने पुढे सरकणाऱ्या वाहनाची स्थिती हीच असते. गरज सर्वांत अधिक, आणि पंख्याचा वेग सर्वांत कमी.

हा दोष अभियंत्यांना ठाऊक होता. तरीही केवळ त्यामुळे पंखा इंजिनापासून वेगळा झाला नाही. त्यासाठी इंजिन आडवे व्हावे लागले. १९५९ च्या ब्रिटिश ‘मिनी’ गाडीत इंजिन आडवे बसविले गेले. पण तेथे रेडिएटरच बाजूस नेऊन पंखा इंजिनावर कायम ठेवण्यात आला. फियाटने १९६९ मध्ये काढलेल्या ‘१२८’ ह्या गाडीत इंजिन आडवे असूनही रेडिएटर पुढेच राहिला. आता क्रँकशाफ्टचे टोक चाकाकडे वळले असल्याने पट्ट्याने पंखा फिरविणे अडचणीचे झाले. तेव्हा पाण्याच्या उष्णतेनुसार आपोआप चालू-बंद होणारा विजेचा पंखा योजण्यात आला.

येथे दुसऱ्या कारणाचा विचार करावयास हवा. डायनॅमो मंद फेऱ्यांवर फारच थोडी वीज देतो. आणि विजेच्या पंख्याची गरज तर त्याच वेळी असते. मंद फेऱ्यांवरही पुरेशी वीज देणारा अल्टरनेटर अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या ‘व्हॅलियंट’ गाडीत आणला, आणि त्या दशकात त्याचा प्रसार झाला. तेलसंकट आले ते १९७३ मध्ये. म्हणजे विजेचा पंखा रूढ होऊ लागल्यानंतरच इंधनबचतीच्या युक्तिवादास खरा जोर चढला.

भारतात ही दोन्ही युगे दीर्घकाळ शेजारी-शेजारी नांदली. तूरिनच्या फियाटने नवी वाट धरल्यानंतरही कुर्ल्यात विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जुनीच रचना चालू राहिली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे व पंखा विजेचा होता; पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका १९९८ मध्ये त्याच मांडणीची निघाली. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस कायमची गेली.

जुन्या गाडीत विजेचा पंखा बसविणाऱ्यास हा इतिहास व्यवहारातही उपयोगी पडतो. पंख्याची पाती काढता येतात. पट्टा काढता येत नाही, कारण पंप त्यावरच चालतो. लहान मोटारीच्या पंख्यास साधारणतः ८० ते १५० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ७ ते १२ अँपिअर प्रवाह लागतो. रात्री दिवे चालू असता मंद फेऱ्यांवर हा भार डायनॅमोस पेलत नाही व बॅटरी उतरते. म्हणून अल्टरनेटर, रिले, फ्यूज आणि उष्णतेवर चालणारा स्विच ह्यांची व्यवस्था आधी करावी लागते. पंखा बदलणे म्हणजे वस्तुतः गाडीची विद्युत्-व्यवस्था बदलणे होय.

मोठ्या मालमोटारींचे उदाहरण ह्या मतास पुष्टी देते. इंधनबचत हेच मुख्य कारण असते, तर विजेचा पंखा प्रथम तेथे आला असता. परंतु त्यांच्या पंख्यास २० किलोवॅट शक्ती लागली, तर २४ व्होल्टवर ८०० हून अधिक अँपिअर प्रवाह हवा. म्हणून तेथे इंजिन लांबीच्या दिशेने आणि पंखा इंजिनावरच राहिला. बचतीसाठी मधे सिलिकोन द्रवाचा, उष्णतेनुसार पकड घेणारा क्लच घालण्यात आला.

ह्या स्थित्यंतराची एक खूण भाषेतही उरली आहे. अल्टरनेटर फिरविणाऱ्या पट्ट्यास कारागीर अद्यापि ‘फॅनबेल्ट’च म्हणतात, जरी त्या पट्ट्याने आता कोणताही पंखा फिरत नाही. यंत्राची मांडणी बदलली तरी शब्द जुन्या मांडणीची साक्ष देत राहतो. तंत्रविद्येचा इतिहास लिहिणाऱ्याने अशी साक्ष नोंदवून ठेवावी. आणि एखाद्या सुधारणेचा लाभ हेच तिचे कारण मानण्यापूर्वी कालक्रम अवश्य तपासावा.