मध्यपटल चेतेची इजा व तिच्यावरील शस्त्रोपचार

छाती आणि पोट यांच्यामध्ये ताणलेला घुमटाकार स्नायू म्हणजे मध्यपटल आणि त्याला आकुंचनाची आज्ञा पोहोचवणारी ती मध्यपटल चेता. दवाखान्याच्या फाइलीत तिची नोंद ‘फ्रेनिक नर्व्ह’ अशी असते. रुग्ण आणि नातेवाईकही तेच नाव वापरतात. उजवी आणि डावी अशा दोन चेता असून प्रत्येक आपल्या बाजूचा अर्धा पडदा हलवते. यांपैकी एखादी तुटली, चेंगरली, गोठली किंवा व्रणात अडकली की त्या बाजूचा पडदा लुळा पडतो. मग श्वास घेताना खाली उतरण्याऐवजी तो छातीतल्या ओढीने उलट वर सरकतो आणि त्या बाजूच्या फुप्फुसाचा तळ दाबला जातो.

ही चेता मानेतील तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या चेतामुळांपासून निघते. त्यांत चौथ्याचा वाटा मोठा असतो. काम पोटाच्या वरच्या सीमेवर आणि उगम थेट मानेत, अशी तिची रचना असल्याने तिचा प्रवास लांबचा, साधारण ३० सेंमी.चा होतो. मानेत ती अग्र स्केलीन स्नायूवरून खाली उतरते, कॉलरबोनमागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधून छातीत शिरते आणि फुप्फुसाच्या मुळापुढून हृदयावरणाला चिकटून मध्यपटलापर्यंत जाते. वाटेत तिला धोका पोहोचू शकेल अशी ठिकाणे बरीच आहेत. चेता संवेदनाही वाहून नेत असल्यामुळे मध्यपटलाखाली पू किंवा रक्त साचले तर दुखणे खांद्याच्या टोकाला जाणवते, हे जुन्या सर्जनांना चांगले ठाऊक असते.

कारणे : मोठ्या माणसांत या इजेचे एक मोठे कारण म्हणजे दुसऱ्याच आजारासाठी केलेली शस्त्रक्रिया. हृदय थंड ठेवण्यासाठी छातीत बर्फाचा चुरा ओतण्याची पद्धत एकेकाळी रूढ होती. हृदयावरणाला लागून जाणारी डावी चेता त्या थंडीने बधिर होई. बायपासमध्ये छातीच्या आतली धमनी वरपर्यंत सोडवताना चेता जवळच असते. मानेतील गाठींची शस्त्रक्रिया, थायमस ग्रंथी काढणे, मानेच्या शिरेत घातलेली मध्यवर्ती नळी, फुप्फुसाचा किंवा छातीच्या मध्यभागातील कर्करोग हीही कारणे आहेत. खांद्याच्या ऑपरेशनसाठी मानेत स्केलीन स्नायूंच्या मध्ये दिल्या जाणाऱ्या भुलीच्या इंजेक्शनाने त्या बाजूचे मध्यपटल काही तास ढिले पडते. नेहमीच्या मात्रेत हे जवळजवळ प्रत्येक रुग्णात होते आणि औषध उतरले की जाते. क्वचित जात नाही. अमेरिकेतील मॅथ्यू कॉफमन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या माना उघडल्या तेव्हा चेतेभोवती जाड झालेले आवरण आणि चिकटलेल्या ऊती आढळल्या. ही निरीक्षणे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेचा संबंध नसलेल्या कारणांत नागीण, मानेला झटके देणारे उपचार, नवजात अर्भकाच्या मानेला प्रसूतीत बसलेला ताण आणि पार्सनेज-टर्नर विकार येतात. या विकारात आधी खांद्यात असह्य वेदना होतात आणि मग स्नायू दुर्बळ होतात. त्यात मध्यपटलही सापडू शकते. काही रुग्णांत कारण शोधूनही मिळत नाही.

हृदयाची अनियमित लय थांबवण्यासाठी फुग्यातून गोठवण्याचा उपचार करतात, त्यात उजवी चेता धोक्यात येते. म्हणून गोठवण चालू असताना वरच्या महाशिरेतून तीच चेता विजेने सतत चेतवली जाते आणि मदतनीस रुग्णाच्या पोटावर हात ठेवून मध्यपटलाचे धक्के मोजत बसतो. धक्का मंदावला की गोठवण तिथेच थांबवायची. इतक्या महागड्या यंत्रणेत शेवटचा पहारेकरी म्हणून माणसाचा तळहात बसवावा लागतो, हे लक्षात राहण्यासारखे आहे.

मुद्दाम केलेली इजा : या चेतेच्या इतिहासात एक विचित्र पान आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टर ती जाणूनबुजून निकामी करीत. जर्मनीत १९११ मध्ये स्टुएर्ट्झ यांनी सुचवले की, क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसाला विश्रांती हवी असेल तर त्या बाजूची मध्यपटल चेता कापावी. १९२२ मध्ये फेलिक्स यांनी चेता ओढून काढण्याची पद्धत मांडली. पुढे चेता न कापता मानेत चिमट्याने फक्त चेंगरण्याचा प्रकार अधिक रुळला, कारण चेंगरलेली चेता साधारण सहा महिन्यांत पुन्हा वाढून येई. स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड ही क्षयावरची औषधे आल्यावर सॅनेटोरियममधली ही शस्त्रक्रिया इतिहासजमा झाली. शांघायमध्ये सर्जन गु युडाँग यांनी १९७० मध्ये वेगळ्याच कामासाठी या चेतेला हात घातला. अपघातात हाताच्या चेता मुळासकट उपटल्या गेलेल्या रुग्णाचा कोपर वाकावा, यासाठी त्यांनी मध्यपटल चेता वळवून हाताच्या चेतेला जोडली.

या दोन्ही प्रयोगांतून आजच्या उपचारांना लागणाऱ्या दोन गोष्टी निघतात. दुसरी बाजू ठणठणीत असलेला प्रौढ माणूस एका बाजूचे मध्यपटल गमावूनही बरेचदा नेटका जगतो. आणि आवरण शाबूत ठेवून चेंगरलेली चेता स्वतःहून परत येऊ शकते, तर दोन तुकडे झालेली येत नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये उंच सरकलेला घुमट दिसला म्हणून लगेच शस्त्रक्रियेचा विचार करणे चूक ठरते, ते यामुळे. उपचार धापेवर करायचा, एक्स-रेवर नाही.

लक्षणे व तपासण्या : एका बाजूच्या इजेत काहींना काहीच जाणवत नाही, दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या एक्स-रेत ती सापडते. ज्यांना जाणवते त्यांची तक्रार ठरावीक असते. जिना चढताना दम लागतो, उताणे झोपले की छाती कोंडते, बुटाची नाडी बांधायला किंवा फरशी पुसायला वाकले की श्वास अडतो, भरपेट जेवण सोसत नाही. गळ्याइतक्या पाण्यात उतरल्यावर अचानक धाप लागणे ही या आजाराची खास खूण आहे. पाण्याच्या दाबाने पोट आत जाते आणि लुळा पडदा आणखी वर ढकलला जातो. दोन्ही बाजू गेल्या तर चित्र गंभीर होते. रुग्ण आडवा होऊच शकत नाही आणि श्वास घेताना त्याचे पोट फुगण्याऐवजी आत खेचले जाते. गाढ स्वप्नावस्थेत मान व बरगड्यांचे साहाय्यक स्नायू ढिले पडतात, तेव्हा सगळा भार मध्यपटलावरच असतो. त्यामुळे रात्री कार्बन डायऑक्साइड साठून सकाळी डोके जड होते.

निदानाची जुनी आणि अजूनही उपयोगी परीक्षा म्हणजे ‘स्निफ टेस्ट’. फ्लुरोस्कोपीच्या पडद्यासमोर रुग्णाला नाकाने झटक्यात हुंगायला सांगतात. निरोगी बाजू खाली झेपावते, लुळी बाजू त्याच क्षणी वर उडते. आता अनेक ठिकाणी सोनोग्राफीने बरगड्यांच्या फटीतून मध्यपटलाची जाडी मोजतात; श्वास घेताना ती २० टक्क्यांनीही वाढली नाही तर स्नायू काम करीत नाही असे मानतात. फुंकण्याची चाचणी बसून आणि आडवे होऊन अशी दोनदा करावी लागते. आडवे झाल्यावर क्षमता ३० टक्क्यांहून अधिक घसरली तर दोन्ही बाजूंचा संशय घ्यावा. बसून केलेल्या एकाच चाचणीवर ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून घरी पाठवलेले रुग्ण कमी नसतात. दमा, हृदयविकार, वाढलेले वजन आणि ‘टेन्शन’ अशी लेबले आधी लागून जातात. चेता जिवंत आहे का आणि स्नायूत काही हालचाल उरली आहे का, हे ईएमजीने, म्हणजे स्नायूतील विद्युत हालचालीच्या तपासणीने, कळते, आणि शस्त्रक्रियेचा प्रकार बराचसा त्यावरच ठरतो.

शस्त्रक्रियेचे प्रकार : सर्वांत रुळलेली शस्त्रक्रिया म्हणजे प्लायकेशन. ढिला, वर सरकलेला पडदा निऱ्यांसारखा दुमडून न विरघळणाऱ्या टाक्यांनी ताणून बसवतात. १९२३ पासून ती वैद्यकीय साहित्यात आहे. पूर्वी बरगड्यांमधून छाती उघडून करीत. आता दुर्बिणीतून, छातीच्या किंवा पोटाच्या बाजूनेही होते. प्लायकेशनने लुळा स्नायू हलू लागत नाही, ही गोष्ट रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवी. पडदा घट्ट बसल्याने तो उलट दिशेने उडणे थांबते आणि दबलेले फुप्फुस मोकळे होते, एवढाच तिचा हेतू. तेवढ्यानेही फुंकण्याची क्षमता साधारण पाचव्या हिश्शाने वाढल्याचे आणि धाप लक्षणीय कमी झाल्याचे अनेक रुग्णालयांचे अनुभव आहेत. तान्ह्या बाळांत तर वाट पाहायला फारसा वाव नसतो. त्यांच्या बरगड्या मऊ व आडव्या असतात, श्वास जवळजवळ पूर्णपणे मध्यपटलावर चालतो. व्हेंटिलेटर सुटत नसेल तर प्लायकेशन लवकर करतात.

दुसरा मार्ग चेतेचीच दुरुस्ती करण्याचा. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून न्यू जर्सीत कॉफमन यांच्या गटाने तो पद्धतशीर हाताळला आणि २०११ मध्ये एका बाजूच्या इजेवरील पहिले निष्कर्ष ‘चेस्ट’ या नियतकालिकात छापले. कॉलरबोनच्या वर छोटा आडवा छेद घेतात, चरबीचा थर बाजूला सारतात आणि स्केलीन स्नायूवरून उभी उतरणारी दोऱ्याएवढी चेता शोधतात. भूल पूर्ण देतात, पण स्नायू शिथिल करणारे औषध टाळतात; कारण चेतेला विजेचे टोक लावल्यावर मध्यपटल उडते का, हे ऑपरेशन चालू असतानाच पाहायचे असते. चेता नुसती व्रणात जखडलेली असेल तर सोडवतात. मधला तुकडा खराब असेल तर पोटरीच्या मागून जाणारी सुरल चेता काढून सूक्ष्मदर्शकाखाली पुलासारखी जोडतात. त्याच्या बदल्यात पायाच्या बाहेरच्या कडेला कायमची बधिरता येते. मूळच निकामी असेल तर बरगड्यांमधील किंवा मानेतील दुसरी चेता वळवून आणतात. या शस्त्रक्रियेचा अनुभव जगात मोजक्याच ठिकाणी आहे आणि पुरावा मुख्यतः त्या-त्या केंद्राच्या रुग्णमालिकांचा आहे. ‘शंभर टक्के बरे होईल’ असे कोणी सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

तिसरा मार्ग पेसिंगचा. येल विद्यापीठातील विल्यम ग्लेन यांनी १९६०च्या दशकात मध्यपटल चेतेला विद्युत्स्पंदने देणारे यंत्र रुग्णांत वापरात आणले. पुढे क्लीव्हलंडमध्ये दुर्बिणीतून थेट मध्यपटलाच्या स्नायूत तारा बसवण्याचे तंत्र निघाले. घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झालेला अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह याला अशा तारा २००३ मध्ये बसवल्या गेल्या. एक गैरसमज मात्र वारंवार भेटतो. पेसरला खालची चेता जिवंत लागते. मेंदूकडून येणारी आज्ञा मानेच्या वरच्या भागात तुटली, पण चेता शाबूत आहे, अशा मज्जारज्जूच्या इजेत तो व्हेंटिलेटर सोडवू शकतो. चेताच तुटली असेल तर आधी ती जोडावी लागते. चेतापेशींच्या ऱ्हासाच्या एएलएस या आजारात पेसर वापरून पाहिला, तेव्हा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत त्याने आयुर्मान घटल्याचे दिसले.

केव्हा थांबावे, केव्हा नाही : चेता दिवसाला साधारण १ मिमी. या गतीने वाढते. मानेपासून मध्यपटलापर्यंत ३० सेंमी. धरले तर दहा महिने नुसत्या प्रवासाला लागतात. म्हणून हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या इजेत, चेता कापली गेल्याचा पुरावा नसेल आणि श्वास निभावत असेल, तर सहा महिने ते वर्षभर थांबणे योग्य मानतात. बरेच रुग्ण तोवर आपोआप सुधारतात. पण या थांबण्यालाही किंमत आहे. आज्ञेविना पडून राहिलेला स्नायू वाळत जातो आणि दीड-दोन वर्षांनंतर चेता जोडूनही तो उठण्याची शक्यता घटते. प्लायकेशनला अशी मुदत नसते, चेता-दुरुस्तीला असते. ‘बघू, होईल कमी’ म्हणत दोन वर्षे काढलेल्या रुग्णाच्या हातून दुसरा मार्ग निसटलेला असतो. थांबायचेच असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि फुंकण्याची चाचणी करून थांबावे.

शस्त्रक्रियेनंतर : प्लायकेशनचा फायदा लवकर कळतो, छातीतली नळी निघाली आणि दुखणे ओसरले की श्वासातला फरक जाणवू लागतो. चेता-दुरुस्तीत मात्र पहिले सहा महिने काहीच घडत नाही असे वाटते. सुधारणा दोन-तीन वर्षांपर्यंत हळूहळू चालू राहू शकते, आणि धाप कमी झाली तरी एक्स-रेमधला घुमट पूर्वीच्या जागी येईलच असे नाही. या काळात तीन रंगीत चेंडूंचे स्पायरोमीटर उशाशी असते. त्यात फुंकायचे नसते, हवा आत ओढून चेंडू वर धरायचे असतात. नेमके उलटे करणारे रुग्ण प्रत्येक वॉर्डात भेटतात. खोकताना पोटाशी किंवा टाक्यांवर उशी दाबून धरावी, उशा लावून डोके उंच ठेवून झोपावे, रोज चालावे. वजन उतरवणे हा अर्धा उपचार आहे. प्राणायामाने तुटलेली चेता जुळत नाही. मात्र दुसरी बाजू आणि साहाय्यक स्नायू सक्षम होण्यास श्वासाचे व्यायाम उपयोगी पडतात. ते फिजिओथेरपिस्टला विचारून करावेत. रात्रीचा श्वास उथळ होत असेल तर मुखवट्यातून दाबाने हवा देणारे बायपॅप यंत्र लावण्यात कमीपणा मानू नये.

एका बाजूची चेता गमावलेल्या व्यक्तीने पुढे कोणत्याही ऑपरेशनआधी, विशेषतः चांगल्या बाजूच्या खांद्याच्या ऑपरेशनआधी, भूलतज्ज्ञाला ही गोष्ट स्वतःहून सांगावी आणि जुना एक्स-रे दाखवावा. त्या बाजूच्या मानेत भुलीचे इंजेक्शन दिले गेले तर दोन्ही पडदे एकाच वेळी बंद पडू शकतात.