टाकसाळीचा प्रमाद आणि मुलाम्याचा दोष : अमेरिकन सेंटच्या संदर्भात

नाणे हे इतिहासाचे विश्वसनीय साधन मानले जाते. नाण्यावरील लेखाप्रमाणेच त्यातील चूकही तत्कालीन तंत्र व अर्थकारण यांची साक्ष देते. मात्र ती चूक निर्मितीच्या कोणत्या टप्प्यावर घडली, हे निश्चित झाल्याखेरीज ती पुरावा ठरत नाही. अमेरिकेच्या एक सेंटच्या नाण्यावरून हे स्पष्ट होते.

दुसऱ्या महायुद्धात तांबे युद्धसाहित्यासाठी लागत असल्याने १९४३ साली सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडण्यात आले. तथापि तांबेमिश्रित धातूच्या काही जुन्या चकत्या यंत्रात राहून गेल्या व त्यांवर १९४३ चा ठसा उमटला. ही नाणी अतिशय दुर्मीळ असल्याने पोलादी नाण्यांना तांब्याचा मुलामा चढवून नकली नमुने तयार करण्यात आले. असे नाणे लोहचुंबकाला चिकटते, अस्सल चिकटत नाही. परंतु १९४८ मधील ‘८’ तासून ‘३’ केलेले नाणेही चिकटत नाही. म्हणून अंकांची बारकाईने तपासणी करावी लागते.

१९५५ सालचा प्रमाद ठशातील होता. ठसा तयार करताना मूळ ठशाचा दाब एकाहून अधिक वेळा दिला जाई. दोन दाबांमध्ये कोन किंचित बदलल्याने वर्ष व अक्षरे दुहेरी उमटली.

१९८२ साली तांबे महाग झाल्यामुळे जस्ताच्या गाभ्यावर तांब्याचा पातळ मुलामा देण्यास प्रारंभ झाला. नाण्याचे वजन ३.११ ग्रॅमवरून २.५० ग्रॅम झाले. मुलाम्याखाली वायू अडकल्यास फुगवटे येतात. ठसा उमटताना मुलामा ताणला गेल्यास अक्षरांच्या कडेला जस्ताची करडी रेषा दिसते. ही रेषा पुष्कळदा दुहेरी ठसा समजली जाते. वस्तुतः ठशातील दोष त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी आढळतो; १९८४ च्या काही नाण्यांवरील लिंकन यांचा दुहेरी कान हे त्याचे उदाहरण होय. मुलाम्याचा दोष मात्र नाण्यागणिक बदलतो.

सारांश, चकती, ठसा, आघात आणि टाकसाळीबाहेरील हस्तक्षेप असा क्रम लावून परीक्षण करणे अगत्याचे आहे. चलनासाठी सेंट पाडणे २०२५ साली थांबले. आता संग्रहांतील नाणीच या तंत्राचा पुरावा आहेत. त्यांतील फुगवट्याला प्रमाद ठरविल्यास केवळ संग्राहकाची फसवणूक होत नाही, तर इतिहासही विकृत होतो.