शॉर्टस्टॉपचे मूळ काम

बेसबॉलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध उभा राहणारा शॉर्टस्टॉप हा बहुधा संघातला सर्वांत चपळ क्षेत्ररक्षक असतो. जमिनीलगत आलेला फटका अडवून पहिल्या बेसकडे फेकणे हे त्याचे रोजचे काम. ही जागा निर्माण झाली ती मात्र वेगळ्याच गरजेतून. लांब गेलेला चेंडू आत आणायला वाटेत एक माणूस हवा होता, तो हा.

न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने २३ सप्टेंबर १८४५ रोजी आपले नियम लिहून काढले. त्याआधीच्या गावठी प्रकारांत आबाधुबीसारखा चेंडू अंगावर मारूनही धावणाऱ्याला बाद करता येई. निकरबॉकरांनी ते बंद केले. आता चेंडू धावणाऱ्याच्या आधी बेसवर पोहोचायला हवा होता, नाहीतर हातातल्या चेंडूने त्याला शिवायला हवे होते. फेकीला खरे महत्त्व आले ते इथून.

पण चेंडूच धड नव्हता. क्लबचे एक आधारस्तंभ डॉ. डॅनियल अ‍ॅडम्स व्यवसायाने वैद्य. चेंडू बनवून देणारा कोणी मिळेना, म्हणून त्यांनी सहा-सात वर्षे स्वतःच चेंडू बनवले, आपल्या क्लबसाठी आणि नंतर निघालेल्या इतर क्लबांसाठीही. रबराचे तीन-चार औंस तुकडे, त्यावर गुंडाळलेले सूत आणि वरून चामडे, अशी त्यांची रीत होती. चामडे नीट कसे मढवायचे ते पुढे एका स्कॉटिश खोगीरवाल्याने त्यांना दाखवले. सुरुवातीचे चेंडू इतके हलके होते की दूरच्या क्षेत्ररक्षकाची फेक फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्या पिचरपर्यंतही पोहोचत नसे. १८५०च्या सुमारास अ‍ॅडम्स स्वतः मधल्या मोकळ्या जागेत उभे राहू लागले. ते बाहेर पळत जाऊन फेक घेत आणि वळून आत फेकत. शॉर्टस्टॉपची सुरुवात म्हणून हेच सांगितले जाते.

पुढे चेंडू जड आणि टणक झाला, फेक लांब जाऊ लागली आणि मधल्या माणसाला बाहेर जाऊन उभे राहण्याचे कारण उरले नाही. तो आत सरकला. ब्रुकलिनच्या अटलांटिक क्लबचा ठेंगणा डिकी पीअर्स याने ही जागा आजच्या ठिकाणी रुजवली, असे मानतात. बेसमधले अंतर क्लबांच्या १८५७च्या अधिवेशनात ९० फूट ठरले, त्याचे अध्यक्षही अ‍ॅडम्सच होते. चेंडूचे वजन १८७२ पासून ५ ते ५.२५ औंस आहे.

शॉर्टस्टॉप आत आला तरी जुने काम सुटले नाही, कारण टणक चेंडू फटक्यानेही तितकाच लांब जाऊ लागला. १८९४ ते १८९६ अशी सलग तीन वर्षे नॅशनल लीग जिंकणाऱ्या बाल्टिमोर ओरिओल्स संघाने नेड हॅन्लनच्या हाताखाली सांघिक डावपेचांची तालीम केली. एकमेकांच्या पाठीशी उभे राहणे आणि फेक वाटेत घेणे यांना शिस्त लावण्याचे श्रेय बरेचदा या संघाला दिले जाते. विसाव्या शतकात मैदाने अवाढव्य झाली. पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर सर्वांत दूरची भिंत होमपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, ४५७ फुटांवर होती. एवढ्या अंतरावरून एका दमात फेकलेला चेंडू उंच कमान घेतो, हवेत रेंगाळतो आणि भलतीकडे पडतो. त्यापेक्षा दोन छोट्या, सपाट फेकी सरस ठरतात. मधला झेल आणि वळण यांत जाणारा वेळ मात्र भरून निघाला पाहिजे.

म्हणूनच मधला माणूस दोन्ही हात उंच करून आपली जागा दाखवतो. त्याची पाठ होमकडे असते, त्यामुळे तो सरळ रेषेत आहे की नाही हे दुसऱ्या कोणीतरी ओरडून सांगावे लागते. होमकडे येणाऱ्या फेकीसाठी हे काम कॅचरचे. फेक मधल्या माणसाच्या ग्लोव्हच्या बाजूला, छातीच्या उंचीवर यावी, म्हणजे झेलता झेलताच वळता येते. फटका फारच लांब गेला तर शॉर्टस्टॉप आणि दुसऱ्या बेसचा खेळाडू एकामागे एक उभे राहतात. पहिली फेक डोक्यावरून गेली किंवा आधीच आपटली, तर मागचा ती घेतो. पिचर होमच्या मागे पळतो. ज्याच्याकडे चेंडू येण्याची शक्यता नाही असा खेळाडूही रिकामा उभा नसतो.

ओरडून सांगण्याचा हा धागा तुटला की काय होते ते १५ ऑक्टोबर १९४६ रोजी सेंट लुईसमध्ये दिसले. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, आठवा डाव, बरोबरी ३-३. कार्डिनल्सचा ईनॉस स्लॉटर पहिल्या बेसवर होता आणि पिचरच्या हातून चेंडू सुटताच तो निघाला. हॅरी वॉकरचा फटका डाव्या-मधल्या भागात पडला. बॉस्टनचा डॉम डिमॅजिओ जखमी होऊन नुकताच बाहेर गेला होता, त्याच्या जागी आलेल्या लिऑन कल्बर्सनने चेंडू शॉर्टस्टॉप जॉनी पेस्कीकडे दिला. पेस्कीची पाठ होमकडे, प्रेक्षकांचा गोंगाट प्रचंड. वळून फेकेपर्यंत स्लॉटर होमवर पोहोचला आणि कार्डिनल्स ४-३ने जिंकले. पेस्कीने चेंडू धरून ठेवला, हा ठपका त्याला जन्मभर चिकटला. तो अन्यायच म्हणावा लागेल, कारण पाठीला डोळे नसलेल्या माणसाला मागचे सांगण्याची जबाबदारी इतरांची होती.

उलट उदाहरण १३ ऑक्टोबर २००१ चे, ओकलंडमधले. प्लेऑफ मालिकेतल्या या सामन्यात न्यूयॉर्क यँकीज ओकलंडविरुद्ध १-०ने पुढे होते. सातव्या डावात टेरेन्स लाँगच्या फटक्यावर ओकलंडचा जेरेमी जिआंबी पहिल्या बेसवरून होमकडे निघाला. यँकीजच्या शेन स्पेन्सरची फेक मधल्या दोघांच्याही डोक्यावरून गेली. शॉर्टस्टॉप डेरेक जीटर अख्खे मैदान ओलांडून पहिल्या बेसच्या रेषेवर आला आणि त्याने चेंडू उचलून बाजूने कॅचर होर्हे पोसाडाकडे टोलवला. जिआंबी होमवर घसरत आला नाही आणि बाद झाला. यँकीजनी सामना जिंकला आणि ०-२ ने मागे पडलेली मालिकाही ३-२ ने जिंकली.

स्कोअरबुकात या बादची नोंद ९-६-२ अशी आहे: उजवा आउटफिल्डर, शॉर्टस्टॉप, कॅचर. फेक चुकलेल्या स्पेन्सरलाही नियमाप्रमाणे जीटरइतकाच एक असिस्ट, म्हणजे बाद करण्यातल्या सहभागाचे श्रेय, मिळाला. चेंडू हाताळायला लागलेला उशीर नियमाने चूक धरत नाहीत, त्यामुळे १९४६च्या त्या धावेवर पेस्कीच्या नावापुढे चूक नोंदलेली नाही.